ठकी, कासव आन् चार कोपरं

म्हणं, बगळेमास्तर लई कष्टाळू! ज्यो कोण म्हणला, त्यो हितं न्हाई म्हणून वाचला. कष्ट तर घाण्याचा बैल बी करतोय. बसा रं पोरांनो, कान हिकडं करा.

एका जंगलात शाळा हुती. वर्गात बगळेमास्तरानं चार कोपरं केलं. वाचनाचा, लेखनाचा, शब्दांचा, ऐकण्याचा. झिरमिळ्या लावल्या, पाट्या रंगवल्या. दर धा मिंटाला घंटा. घंटा झाली की समद्यांनी फुडच्या कोपऱ्यात जायाचं.

खारीची पोर ठकी नुकतीच वाचाय लागल्याली. अक्षरावर बोट ठिवून वाचायची. तिला एक गोष्ट घावली. कासव हिरीत पडल्यालं. निम्म्या गोष्टीत आली की घंटा! आन् मास्तराचा नेम असा, दुसऱ्या दिशी परत पैल्या पानापासनं.

घरी आई वाट बघायची. तिला अक्षर येत न्हवतं.

"निघालं का गं कासव?"

"न्हाई आये. अजून हिरीतच हाय."

एक दिस ठकीनं लई जोर लावला. शेवटच्या पानापतूर आली. नेमकं त्याच दिशी तपासणीला गवासाहेब आल्यालं. घंटा झाली. पोरं मेंढरावानी सरकली. ठकी हलंना.

"ठके, ऊठ!" मास्तर वराडला.

"मास्तर, एकच पान ऱ्हायलंय. कासव बुडतंय!"

"बुडू दे. उद्या परत बुडेल, तेव्हा बघ."

साहेबानं शेरा लिवला, 'कोपऱ्यांमधली फिरती उत्तम. एक विद्यार्थिनी वाचनात अडकते. उपाय करावा.'

मास्तरानं उपाय केला. पुस्तकं कपाटात घातली, कुलूप लावलं. कोपऱ्यात नुस्ती पुस्तकांची चित्रं डकवली. फाटायची भानगड न्हाई, पोर अडकायची भानगड न्हाई. शाळंचा जंगलात पैला नंबर आला.

घरी आईनं इचारलं, "कासवाचं काय झालं गं?"

"ठावं न्हाई. पर आये, आता मी घंटंच्या आदीच उठती. मास्तरांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या."

खारीनं नुस्ती भाकर फुडं सरकावली.

तात्पर्य: वाचनाचा कोपरा झकास ठिवायचा आसंल, तर तिथं वाचणारं पोरगं बसू दिऊ नगा.

हसताय काय? उठा. त्या कपाटाचं कुलूप तोडा आन् पुस्तक ठकीच्या हातात द्या.