सुधाताईंचा पेरू

पेरूवर राघू बसला, की सुधाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडत, "लाइन एंगेज आहे! नंतर प्रयत्न करा!" राघू नाही हलला, तर हातातलं लाटणं खिडकीच्या गजांवर आपटत. "तीन मिनिटं झाली! ठेवा आता!"

सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरात वरची खोली मी भाड्यानं घेतली होती. पहिल्याच सकाळी हा आरडाओरडा ऐकून मला वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पुढे कळलं, परिणाम नोकरीचा होता. सुधाताईंनी उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात घालवली होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड आणि दिवसभर "बोला, नागपूर बोला", आणि कॉलची तीन मिनिटं भरली, की "ठेवा आता." मग घराघरांतून थेट फोन लागायला लागले, पाठोपाठ मोबाइल आले आणि ताईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

"आता ज्याच्या त्याच्या खिशात टेलिफोन. मधे बाई हवीय कुणाला?" त्या म्हणत, आणि लगेच, "बरंच झालं. कानाला विश्रांती."

लग्न त्यांनी केलं नव्हतं. मी अकोल्याचा, सवयीनं पहिल्या दिवशी 'काकू' म्हणालो. त्या म्हणाल्या, "तुमच्या काकांशी माझी ओळख नाही. ताई म्हणा."

घरामागे हातभर अंगण आणि त्यात तो पेरू. आतून गुलाबी. थंडीत नुसता लगडून जायचा आणि त्याचं रक्षण हा ताईंचा पूर्णवेळ उद्योग. मुंग्यांसाठी बुंध्याभोवती राखेचं कडं, पांढऱ्या किडीवर साबणाच्या पाण्याची पिचकारी, खारींना शेलके शब्द. खारी म्हणजे "लोकल कॉल", कारण त्या शेजारच्याच आंब्यावर राहत. राघू मात्र ट्रंक कॉल. लांबून यायचे, थव्यानं यायचे, आणि जुन्या ट्रंक कॉलसारखेच बेंबीच्या देठापासून ओरडायचे.

मी हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होतो. "जगाचे प्रश्न सोडवता म्हणे तुम्ही लोक. या राघूंवर काही आहे का तुमच्याकडे?" ताईंनी विचारलं. मी ऑफिसातून बाद झालेल्या सीडी पिशवीभर आणल्या आणि दोरीनं फांद्यांना टांगल्या. पहिल्या दिवशी त्यांच्या लखलखाटाला राघू बिचकले. दुसऱ्या दिवशी एक जण पायात पेरू धरून सीडीत स्वतःला न्याहाळत बसलेला दिसला.

"छान," ताई म्हणाल्या. "आरसा पोचवलात. आता पावडरचा डबाही आणून ठेवा."

मग त्यांनी बुजगावणं उभं केलं. अंगात जुनी साडी, डोक्याच्या जागी मडकं आणि मडक्यावर चक्क त्यांचा जुना हेडफोन. गॅसवाला त्याला "बाई, पुस्तक द्या" म्हणून दोनदा हाक मारून गेला. राघू मडक्यावर बसून पेरू खाऊ लागले.

शेवटी ताईंनी ठेवणीतल्या दोन वॉयलच्या साड्या फाडल्या आणि मशीनवर चिमुकल्या पिशव्या शिवल्या. एक अख्खा रविवार मी शिडीवर आणि त्या खाली, असं करत आम्ही एकेका पेरूला पिशवी बांधली. झाड बारशाला निघाल्यासारखं दिसू लागलं.

राघू आले, गाठींवर चोच मारून पाहिली, सकाळभर शंख केला आणि उडून गेले. नंतर कमी येऊ लागले. मग यायचेच थांबले.

"जिंकलात ताई!" मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर घर फारच शांत झालं. सकाळी मी जिना उतरायचो तेव्हा ताई पोळ्या अर्धवट टाकून खिडकीशी उभ्या असायच्या. एकदा मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या हिंजवडीला राघू दिसतात का हो?"

"लक्ष नाही दिलं कधी."

"द्या जरा."

पुढच्याच सुटीच्या दिवशी मागे खडखडाट ऐकू आला. पाहतो तर ताई पदर खोचून शिडीवर चढलेल्या आणि वरच्या फांद्यांवरच्या पिशव्या सोडवतायत. मी धावत जाऊन शिडी धरली.

"ताई, अहो हे काय?"

"वरचे पेरू त्यांना. तिथवर आपला हात कुठे पोचतो?" एक गाठ सोडवून त्यांनी पिशवी खाली टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इतकी वर्षं कुणी ना कुणी माझ्या कानात बोलत होतं. जीव विटायचा अगदी. आता तुम्ही तोंडात टोस्ट धरून पळालात, की संध्याकाळपर्यंत या घरात कुकरच काय तो बोलतो."

मी शिडी घट्ट धरून ठेवली.

राघू काही लगेच आले नाहीत. मध्ये बरेच दिवस गेले. मग एका सकाळी मी कामाला निघालो असताना मागच्या दारातून त्यांनी मला हातानं बोलावलं. पेरूचा शेंडा हिरवा होऊन हलत होता आणि कान किटतील असा कलकलाट चालला होता. ताई चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या.

एक अर्धवट खाल्लेला पेरू आमच्या पुढ्यात पडला. ताईंनी तो उचलला, धुतला, विळीवर मधोमध चिरला. चांगली फोड मला दिली, चोच मारलेली स्वतःच्या तोंडात टाकली.

"राघूनं चाखलेला गोड असतो," त्या म्हणाल्या.

कंपनीची बस एव्हाना चौकातून निघून गेली असणार. मी पायरीवर बसलो आणि माझी फोड सावकाश खाल्ली.