न गळणारं विमान

"ताई, तुझी मोठी परात दे गं. विमानाखाली ठेवायची आहे."

मेहुण्याने दारातूनच आरोळी ठोकली तेव्हा मिस्त्री जेवायला बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला. मेहुण्याचं चष्म्यांचं दुकान होतं, पण दुकानात तो औषधापुरता सापडायचा. उरलेला सगळा वेळ तो 'जुनी विमाने मित्रमंडळा'चा सेक्रेटरी असायचा. गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर कुठलंही जुनं विमान उतरणार असलं, की घरात लग्न निघाल्यासारखी त्याची धावपळ सुरू व्हायची.

"परात कशाला?" बहिणीने विचारलं. "विमानात कणीक मळणार आहेस?"

"अगं, ते गळतं! ऐंशी वर्षांचं इंजिन आहे. त्यांचं स्वतःचं भांडं मागच्या मुक्कामाला विसरलं."

'गळतं' हा शब्द पडला आणि मिस्त्रींचे कान तिथेच बंद झाले. अडतीस वर्षं त्यांनी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. त्यांच्या हाताखालून गेलेली बस रात्रभर पांढऱ्या कागदावर उभी केली, तरी सकाळी कागद कोरा निघायचा, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी रस्त्यात कुणाच्या मोटारीखाली काळा डाग दिसला की ते मालकाला शोधून काढून चार शब्द सुनवत.

त्यामुळे मेहुणा पुढे जे सांगत होता, ते फक्त त्याच्या बहिणीने ऐकलं. ते असं होतं. विमान चालवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे कॅप्टनबाई म्हणत, हे विमान घेऊन गावोगाव फिरायच्या. बघायला गर्दी लोटायची. पण 'वा, काय विमान आहे!' या वाक्यावर टाकी भरत नाही. त्यात इंजिनाचा एक सिलिंडर थकला होता, आणखी दहा-बारा तासांचा सोबती. नवा मिळायचा, पण घराचा एक मजला विकावा एवढ्या किमतीला. या मुक्कामात तेवढी रक्कम उभी राहिली नाही, तर पंख काढून विमान ट्रकवर चढणार आणि कुठल्याशा संग्रहालयाच्या अंगणात जन्मभर उभं राहणार, हे ठरलेलं होतं.

"म्हणून बाईंनी शक्कल काढली," मेहुणा म्हणाला. "गळणारं तेल औषधाच्या बारक्या बाटल्यांत भरायचं, तारखेची चिठ्ठी लावायची आणि विकायचं. लोक तुटून पडतात, ताई! थेंबे थेंबे तळे साचे, ते हेच. माझ्याकडे आत्ताच एकशे अठरा जणांची नावं आलीत."

"गळतं म्हणजे किती?" मिस्त्रींनी विचारलं.

"भरपूर!" मेहुणा खूश होऊन म्हणाला.

मिस्त्रींनी ताट बाजूला सारलं.

शनिवारी सकाळी विमान उतरलं. पुढे एकच पंखा, गोल तोंडाचं इंजिन, कापडी पंख, आणि शेपूट टेकून नाक वर करून बसण्याची ऐट. दोरीमागे उभ्या असलेल्या विमानवेड्यांनी एकसुरात 'आहाहा' केलं. त्यांतल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी तर टोपी काढली. मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा विमानाच्या इतके जवळ आले होते. एकेका सिलिंडरवरची पाती, ओळीने बसवलेले बोल्ट, एकाही बोल्टाला उगाच रंग फासलेला नाही! मिस्त्रींना गहिवरून आलं. लग्नात बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

एवढ्यात इंजिनाच्या पोटाखालून आवाज आला. टप्.

"बाई," मिस्त्री कॅप्टनबाईंना म्हणाले, "हे गळतंय."

साठीच्या घरातल्या, उन्हाने रापलेल्या कॅप्टनबाई मोकळं हसल्या. "गळू दे हो. गळतंय म्हणजे आत तेल आहे. ज्या दिवशी गळायचं थांबेल, त्या दिवशी मी घाबरेन."

मिस्त्रींना वाटलं, बिचारी मनाची समजूत घालतेय. गरिबाला असंच बोलावं लागतं.

दुपारी कॅप्टनबाई मेहुण्याच्या घरी विश्रांतीला गेल्या. मेहुण्याने लोकांना जेवायला पिटाळलं आणि विमानाशेजारी एक खुर्ची टाकली.

"दाजी, संध्याकाळपर्यंत तुम्ही बसा. कुणाला हात लावू देऊ नका."

"मी असताना?"

"कुणालाही म्हणजे कुणालाही."

मिस्त्री शब्दाचे पक्के. पहिला तासभर त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही. स्वतःचे हातसुद्धा त्यांनी मांडीखाली दाबून ठेवले. पण परातीत थेंब पडतच होते. टप्. थोड्या वेळाने पुन्हा टप्. जणू कुणी पाहुणा दार वाजवतोय आणि घरात माणूस असून उघडत नाही. शेवटी 'नुसतं बघायला काय हरकत आहे' म्हणून ते खाली वाकले, आणि बघता बघता पाठीवर आडवे झाले.

रोग त्यांना लगेच कळला. तेलाच्या नळीच्या तोंडाशी चकती होती. ती गळते म्हणून आजवर प्रत्येकाने ती आणखी आवळली होती, आणि आवळून आवळून ती वाकली होती. जितकं आवळावं तितकं जास्त गळणार. माणसांच्या संसारातही असंच असतं, हे मिस्त्रींना ठाऊक होतं, पण तिथे कानस चालत नाही. इथे चालत होती. सोबतच्या हत्यारांच्या पिशवीतून कानस आली, पान्हे आले, नवं पॅकिंग आलं. चकती सपाट घासून त्यांनी जागेवर बसवली आणि बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे, बाळाचं झबलं बांधावं तसे आवळले.

आवाज थांबला. मिस्त्री दहा मिनिटं श्वास रोखून पाहत राहिले. एक थेंब नाही.

मग त्यांची नजर परातीकडे गेली. दिवसभराचं तेल आत साचलं होतं. गरीब बाईचं एवढं तेल फुकट कशाला घालवा? मिस्त्रींनी ते स्वच्छ फडक्यातून गाळलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत परत टाकीत ओतलं. परात राखेने घासून लख्ख केली आणि पुन्हा जागेवर ठेवली. परोपकार करायचा तर पुरता करावा, अर्धवट नको.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी धावपट्टीवर पाऊल ठेवलं, तर मेहुणा परातीसमोर गुडघे टेकून बसला होता. परातीत त्याचं तोंड दिसत होतं. ते रडवेलं होतं.

"दाजी, तेल कुठंय?"

"गळायचं थांबलं," मिस्त्री मोठ्या समाधानाने म्हणाले. "आहेस कुठे!"

"अहो, कालचं तरी? परातीतलं?"

"ते मी टाकीत..." मिस्त्रींना मेहुण्याचा रंग बदलताना दिसला, म्हणून ते थांबले. "का रे?"

मेहुण्याने दोरीकडे बोट दाखवलं. तिथे लोकांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात एक रिकामी बारकी बाटली होती, आणि चेहऱ्यावर दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहणाऱ्याचा भाव. सगळ्यांत पुढे पोस्टाचे साहेब होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मेहुण्याने मग सिलिंडर, ट्रक, संग्रहालय, अंगण, सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मिस्त्रींचे कान उघडे होते. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले. खुर्ची नव्हती. ते जमिनीवर बसले.

"मग आता डब्यातलं नवं तेल भरू बाटल्यांत," मिस्त्री पडल्या आवाजात म्हणाले.

"ते पोस्टाचे साहेब वासावरून इंजिनाचं साल सांगतात, दाजी! आणि बाईंना कळलं तर त्या मलाच बाटलीत भरतील."

इतक्यात कॅप्टनबाई आल्या. त्यांनी सवयीने आधी विमानाखाली पाहिलं. कोरडी परात पाहून त्यांचं हसू मावळलं.

"गळत नाहीये? म्हणजे तेल संपलं! सगळं रातोरात गळलं आणि परात कुणी रिकामी केली की काय?"

"बाई, तेल आहे," मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"तुम्हाला काय माहीत? हे विमान शेपटीवर बसतं. आतली मापाची काडी नेहमी खोटं बोलते. बावीस वर्षं मी परात बघून तेल भरतेय. आणा ते दोन डबे!"

"पण बाई, मी काल जरा..."

"दाजी, गप्प बसा," मेहुणा कानाशी कुजबुजला. "आणखी काही दुरुस्त करू नका."

मिस्त्रींनी तोंड मिटलं. आधीच पुरेशा भरलेल्या टाकीत आणखी दोन डबे तेल गेलं. आता लोकांचा वेळ काढायचा म्हणून कॅप्टनबाईंनी इंजिन सुरू करून दाखवायचं ठरवलं. दोरी विमानाच्या शेपटीमागे होती, कारण तिथून ऊन पाठीवर येतं आणि फोटो चांगला निघतो, असा मंडळाचा ठराव होता. मिस्त्रींची बायको नवे फिकट रंगाचे कपडे घालून पहिल्या रांगेत उभी होती. मिस्त्रींना सगळं डोळ्यांसमोर दिसलं. ते उठले, हात हलवले, ओरडले, "मागं व्हा! अगं, मागं हो!"

नवरा इतक्या लोकांसमोर आपल्याला हात करतोय, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. तिनेही लाजून हात केला.

इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि मग ढगासारखा पांढरा धूर सोडून धडधडू लागलं. जादा तेलाने पोटाखालच्या नळीतून वाट काढली. पंख्याच्या वाऱ्याने ते धरलं आणि दोरीमागच्या सगळ्या लोकांवर अत्तर शिंपडावं तसं शिंपडलं.

कॅप्टनबाईंनी इंजिन बंद केलं. धूर विरला. पहिल्या तीन रांगा बिबट्यासारख्या ठिपकेदार झाल्या होत्या. मिस्त्रींनी मनातल्या मनात शर्टांचा धुलाईखर्च मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाव्या शर्टावर नाद सोडला.

पोस्टाच्या साहेबांनी आपल्या पोटाकडे पाहिलं. एक डाग बोटाने टिपला, नाकाशी नेला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अस्सल!" ते म्हणाले. "बाटलीत काय आहे हो? बाटलीत कुणीही देईल. हे तर त्याने स्वतः अंगावर टाकलं! सेक्रेटरी, इथे शिक्का मारा. तारीख घाला. बाटलीचे देणार होतो, त्याच्या चौपट देतो."

"माझ्यावर पाच डाग आहेत," शेजारचा म्हणाला. "पाचांचे वेगळे लावा, पण शिक्के पाच हवेत."

मेहुण्याने शिक्का काढला. शाईची डबी दोनदा संपली. आणि मग खरा गोंधळ झाला, तो मागच्या रांगांमुळे.

"आमच्यावर काहीच आलं नाही! आम्ही नाव नोंदवलं होतं!"

"हा वशिला आहे! पुढे सगळे सेक्रेटरीच्या ओळखीचे!"

"पुन्हा सुरू करा! आणि दोरी पुढे घ्या!"

कॅप्टनबाईंनी इंजिन पुन्हा सुरू केलं, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी लोकांनी कोट काढून हातात उंच धरले होते. दुपारी पैशांची पेटी मोजली, तेव्हा सिलिंडरची किंमत निघाली, शिवाय पुढच्या प्रवासाचं पेट्रोल. संग्रहालयाला कॅप्टनबाईंनी तिथूनच फोन केला आणि अंगण दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणून सांगितलं.

मिस्त्रींची बायको मात्र कंबरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हे कपडे आता धुवायचे, की भिंतीवर लावायचे?"

"धुऊ नकोस, ताई!" मेहुणा शिक्का घेऊन धावत आला.

"तू लांब राहा," ती म्हणाली. "घरात एक वेडा पुरे आहे."

गर्दी पांगल्यावर मिस्त्रींनी कॅप्टनबाईंना गाठलं आणि सगळं कबूल केलं. चकती, पॅकिंग, फडकं, परात, काही लपवलं नाही. बाई विमानाखाली शिरल्या. बराच वेळ आतच होत्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळाला तेल नव्हतं, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"बावीस वर्षं," त्या म्हणाल्या. "किती मोठमोठ्या लोकांनी हात टेकले याच्यापुढे. आणि तुम्ही एका दुपारी?"

"दोन तास लागले," मिस्त्री खाली मान घालून म्हणाले. "एक तास हात दाबून बसलो होतो."

"फार सुंदर काम आहे. असं काम मी पाहिलं नाही." कॅप्टनबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "आता ते उघडा."

"काय?"

"सगळे सिलिंडर एकाच वयाचे आहेत, मिस्त्री. आज एक झाला, आणखी आठ आहेत. पुढच्या गावात मी काय विकू? आणि परात कोरडी दिसली, की मला तेल कळत नाही. आज काय झालं ते बघितलंत ना? दर ठिकाणी लोकांना आंघोळ घालता येणार नाही. मला थोडं गळणारं विमान हवंय. पण तुमच्या हातचं."

अडतीस वर्षांत मिस्त्रींना कुणी असलं काम सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये सांगितलं असतं, तर त्यांनी पान्हा फेकून मारला असता. इथे मात्र ते हळूच पाठीवर आडवे झाले, एक बोल्ट चतकोर फेरा सैल केला, पॅकिंगखाली सुताचा एक धागा घातला आणि पुन्हा आवळलं. वाट पाहिली. टप्. नाक मुरडलं, धागा काढून त्याहून बारीक घातला. पुन्हा वाट पाहिली. असं सात-आठ वेळा झालं. मेहुणा शेजारी घड्याळ धरून बसला होता.

"किती?" बाहेरून कॅप्टनबाईंनी विचारलं.

"मिनिटाला चार. एक इकडे नाही, एक तिकडे नाही."

"चार कशाला? तीन पुरे होतील."

विमानाखालून काही क्षण नुसतं टप्, टप् ऐकू येत राहिलं.

"चारच राहू द्या, बाई," मिस्त्री म्हणाले. "सिलिंडर फार महाग आहेत."