पाण्यात पाय सोडलेला पियानो

आमच्या आरमोरीत पाण्यात पाय सोडून उभा असलेला पियानो एकच, शेजारच्या वामनभाऊंचा. मुंग्या-वाळवी चढू नये म्हणून तिन्ही पायांखाली पाण्याच्या वाट्या. पावसाळ्यात लाकूड फुगू नये म्हणून जवळ शेगडी. स्वतः मात्र गळक्या पडवीत गोणपाट पांघरून झोपत. मी बोललो तर म्हणत, "मले सर्दी झाली तं काढा घेता येते. त्याले काय पाजू?"

तरुणपणी हा माणूस कलकत्त्याच्या मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवायचा. वडील गेले, शेती पाहायला परत यावं लागलं. मागोमाग बैलगाडीतून पियानो आला आणि गावाशी भांडण सुरू झालं: "आवाज नाई पाहिजे!" कोंबड्यावर ओरडत, बैलांच्या घुंगरांवर ओरडत, आणि सगळ्यात जास्त आमच्या हिच्यावर. ही अंगणात धान कांडायला लागली की कुंपणावरून डोकं वर येई.

"वयनी, आवाज नाई पाहिजे!"

"मंग भात काय पियानोत शिजवू, भाऊजी?" ही मुसळ न थांबवता विचारी.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तेव्हा वामनभाऊंनी घरी कार्यक्रम ठेवला. कितीक वर्षांनी लोकांपुढे वाजवणार होते. धास्तीनं जेवण जाईना. घरोघर बजावून आले, "खोकलायचं नाई, बिडी नाई. कोणाच्या तोंडून शब्द निघाला तं मी उठून जाईन!"

काय वाजवलं हो! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण अंगावर काटा आला. पाटलांना शिंक आली, त्यांनी दुपट्टा तोंडात कोंबला. वाजवून झालं. वामनभाऊ उठले, वाकले, वाट पाहत उभे राहिले. गाव शब्दाला पक्कं. कुणी हूं की चूं केलं नाही. वहाणा हातात घेऊन आम्ही सगळे मुकाट घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून पियानो बंद. भाऊजींची तब्येत बिघडली असेल म्हणून हिनंही कांडण बहिणीकडे नेलं.

एक दिवस वामनभाऊ दारात. दाढी वाढलेली.

"वयनी, त्या दिवशी लय खराब वाजलं काय?"

"काऊन? मी तं रडली!"

"मंग कोणी टाळी काऊन नाई वाजवली?"

"तुमीच तं म्हटलं, भाऊजी!"

वामनभाऊ मटकन ओट्यावर बसले. नजर रिकाम्या उखळावर गेली.

"तुमचं मुसळ बी बंद. घर खायले उठते, वयनी. करा ना थोडा आवाज."

हिनं पदर खोचला. डोळे पुसले, सुपात धान घेतलं, उखळाशी उभी राहिली. वामनभाऊ घरी गेले. थोड्या वेळानं पलीकडून सूर निघाले, मुसळाच्या ठेक्यावर. हात दुखले म्हणून ही क्षणभर थांबली, तर कुंपणापलीकडून ओरड आली,

"वयनी, थांबू नका!"