डावीकडचं दार

सिस्टरचा फोन थरथरला तेव्हा त्या मीटिंगमध्ये होत्या. मीटिंगचा विषय होता, 'घरभेटीला गेलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना एकटं का सोडू नये'. साहेबांनी सगळ्या सिस्टरांना सकाळीच तातडीने बोलावलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या विद्यार्थिनी त्या वेळी एकट्याच होत्या.

"सिस्टर, आजोबांची जखम पूर्ण भरली!" चष्मेवाली जवळजवळ ओरडलीच. मागून तिची जोडीदारीण लंबू म्हणत होती, "सांग ना, तरी आपण पट्टी बांधलीय म्हणून."

त्या म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या तळपायाची जखम सिस्टरनी परवाच धुतली होती. साखरेच्या आजाराची जखम, बोट जाईल एवढी खोल. ती अशी दोन दिवसांत भरत नसते.

"कुठल्या दारात शिरलात तुम्ही?"

"तुम्ही सांगितलंत त्याच. दुसरा मजला, डावीकडचं."

"जिना चढून आल्यावर डावीकडचं?"

मग लंबूचा बारीक आवाज आला, "आम्ही लिफ्टनं आलो."

लिफ्ट जिन्याच्या बरोबर समोर उघडत असे, म्हणजे डावं-उजवं उलटं. सिस्टरनी पर्स उचलली आणि साहेबांच्या भाषणातून वाकून बाहेर पडल्या.

दुसऱ्या मजल्यावर ड्रायव्हर दारात खुर्ची टाकून, पाय पुढे पसरून बसला होता. "माझ्या नर्सा पळवल्या त्या शिंप्यानं!" तो गरजला. "सकाळपासून हाका मारतोय. शेवटी त्याच्या पोराला फोन लावला, म्हटलं, बापाकडे नर्सांची रीघ लागलीय, येऊन बघ."

"अहो, फोन कशाला केलात?"

"मग काय करू? पाय कुणाचा सडतोय?"

समोरच्या घरात निवृत्त शिंपी दोन उशांवर पाय ठेवून राजासारखा पहुडला होता. गुडघ्यापर्यंत पांढरीशुभ्र पट्टी. मुलींनी त्याचं ब्लडप्रेशर मोजलं होतं, नखं कापली होती आणि साखर वर्ज्य सांगितली होती. बिस्किटांचा डबा त्याने आपणहून त्यांच्या स्वाधीन केला होता.

"आजोबा, तुम्ही पेशंट नाही, हे सांगायचं नाही का?"

"त्यांनी विचारलं, पाय दुखतो का. दुखतो म्हटलं. ह्या वयात कुणाचा दुखत नाही? पण विचारतं कोण?" त्याने पट्टीवरून बोट फिरवलं. "घड्या बघा कशा सरळ घातल्यात. हाताला सफाई आहे हिच्या."

चष्मेवाली लाजली. सिस्टर पट्टी सोडायला वाकल्या, तोच मुलगा आणि सून धापा टाकत आत आले.

"मोडला?" मुलाने पट्टीकडे बघून विचारलं. उत्तरासाठी तो थांबला नाही. "मोडलाच असणार."

"मी केव्हाची म्हणतेय," सून म्हणाली, "ह्यांना एकटं ठेवून जाणं आता काही जमायचं नाही. तो वृद्धाश्रम..."

"नंबर आहे माझ्याकडे." मुलाला नंबर लगेच सापडला. बापाचं वय सांगायला त्याला जास्त वेळ लागला असता.

"अहो, ऐका जरा," सिस्टर म्हणाल्या.

पण शिंप्याने पाय उशांवरून खाली घेतला होता. तो उठला, ताडताड स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि तसाच परत आला. ताग्यातून कापड सुटावं तशी पट्टी त्याच्यामागे उलगडत गेली.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "ठणठणीत आहे मी. बघ ना."

"मग हे नाटक कशाला, बाबा? अर्धी रजा टाकून आलोय मी!"

शिंपी जमिनीवरची पट्टी गोळा करायला लागला. "पोरी आल्या होत्या," तो म्हणाला. "त्यांना शिकायचं होतं."

सिस्टरनी माफी मागितली. मुलगा म्हणाला, तक्रार करणार. मग समोर जाऊन त्यांनी ड्रायव्हरची जखम धुतली आणि धुऊन होईपर्यंत त्याच्या शिव्या ऐकल्या. खाली उतरताना चष्मेवालीचा बांध फुटला.

"सिस्टर, आमचं काय चुकलं?"

"दार."

"आणि बाकी?"

"बाकी काही नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

मुलाने खरंच तक्रार केली. साहेबांनी सिस्टरकडे दोन खुलासे मागितले: विद्यार्थिनींना एकटं का सोडलं, आणि मीटिंग अर्ध्यावर का सोडली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर मुलींना घेऊन जिन्याने वर आल्या. शिंप्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

"पोरगा लावून गेला," ड्रायव्हर खुर्चीतून म्हणाला. आज त्याचा आवाज खाली होता. "म्हणे, कुणीही घरात शिरतं."

"आजोबा आत आहेत?"

"नाहीतर कुठे जातील?"

सिस्टरनी कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं. त्यांनी मुलाला फोन लावला. त्याने कट केला. पुन्हा लावला. पुन्हा कट. लंबू दाराला कान लावून उभी होती. आतून पावलं जवळ आली आणि दाराच्या अगदी मागे थांबली.

"पोरींनो," शिंपी हळूच म्हणाला, "आजही चुकलात बघा. समोरचं दार."