म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय

इसाकभाईंना सरळ उत्तर देता येत नाही. सौदीतल्या हाइलमधल्या आमच्या कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदार एकदा म्हणाला, "दही खलास." इसाकभाईंनी सावकाश मान हलवली. "मतलब आप ये कहना चाहते हैं कि दही खत्म होने से आप परेशान हैं." त्याने मुकाट्याने ताक काढून दिलं.

हे माझे रूममेट. दापोलीकडचे, पन्नाशी उलटलेले, इस्पितळात नर्स. व्यसनमुक्ती समुपदेशकाचं लायसन मिळवायचं, हा त्यांचा ध्यास. नर्सिंगचा डिप्लोमा त्याला पुरत नाही. आधी मानसशास्त्राची पदवी, मग व्यसनांवरचा कोर्स, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली प्रॅक्टिस, मग कागदांची पडताळणी, मग परीक्षा. नुसतं ऐकूनच मला थकवा येतो. पदवी झाली, कोर्स रखडत चाललाय. समोरच्याचं बोलणं त्यालाच परत ऐकवायचं, ही तिथलीच शिकवण. भाभी फोनवर विचारतात, "पोरगी शिकली, तिचं लग्नही झालं. तुमची शाळा कधी सुटायची?"

"म्हणजे तुला असं म्हणायचंय..."

फोन कट.

कोर्ससाठी एका मुलाखतीचं रेकॉर्डिंग द्यायचं होतं. खोटा पेशंट चालतो. एका शुक्रवारी नमाजहून आल्यावर, बिर्याणीवर झाकण ठेवून ते म्हणाले, "पाटणकर, तुम्ही पेशंट व्हा. झोपेच्या गोळ्यांचे."

मी त्याच इस्पितळातल्या लॅबमधला माणूस, नाटकात कधी काम केलेलं नाही. तरी बोलत सुटलो. गोळ्या कुठून आणतो, कुठे लपवतो, नाशिकला बायकोला काय थापा मारतो. बिर्याणी गार झाली. इसाकभाई खूश होतील असं वाटलं होतं, पण ते नुसते रेकॉर्डिंग चाललेल्या मोबाइलकडे बघत राहिले. ते रेकॉर्डिंग तपासायला ऐकणार होते आमच्याच इस्पितळातले डॉक्टर.

पुढे कळलं, इसाकभाई त्या विषयात नापास. पुन्हा तेच सत्र, तीच दगदग. रेकॉर्डिंग पुसलं गेलं, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं म्हणे.

मी चिडलो. आता लिहायला हरकत नाही, खरं तर सुटलो म्हणून चिडलो.

"पुसलं कसं? चांगलं झालं होतं की. आणि नुसती प्रॅक्टिस तर होती."

ते कांदा चिरत होते. सुरी थांबली.

"म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय, की ती प्रॅक्टिस होती."

या वाक्याचा मला कायमचा वैताग. पण या वेळी ते उत्तरासाठी थांबले होते.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी हात धुतले. मोबाइल आतल्या खोलीत नेऊन ठेवला, दार ओढून घेतलं आणि खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसले.

"माझ्याकडे लायसन नाही हां अजून," म्हणाले. "चालेल?"