स्कार्फमधली नात

शालिकराम मानकरांनी हिंगण्याच्या एका कारखान्याचं गेट बत्तीस वर्षं सांभाळलं होतं. त्या बत्तीस वर्षांत पासशिवाय एक खिळाही बाहेर गेला नाही, असं ते सांगत. खिळ्यांना विचारायची सोय नसल्यामुळे सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. निवृत्त झाल्यावर गेट सुटलं, पण नजर सुटली नाही. घरी पाहुणा आला की ते आधी त्याच्या पिशवीकडे बघत आणि मग पाणी विचारत.

अशा माणसावर एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या सुनेनं, मेघानं, नातीला शाळेतून घरी आणायचं काम सोपवलं. मेघा धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती. आधी गोपिकाला तीच आणायची, पण मार्चअखेर अचानक तिनं ड्युटीच बदलून घेतली.

"मामाजी, दुसरीतली पोरगी आहे," तिनं बजावलं होतं. "एक जरी गडबड झाली, तं दुसऱ्या दिवसापासून व्हॅन लावीन. मंग मले बोलायचं नाही."

व्हॅनचं नाव काढलं की शालिकराम विषय बदलायचे. साडेअकराला शाळा सुटायची आणि घर पंधरा मिनिटांवर होतं. त्या पंधरा मिनिटांत गोपिका स्कूटरवर मागे बसून शाळेची सगळी खबरबात सांगायची. कोणी कोणाचं खोडरबर खाल्लं, कोणाच्या डब्यात रोज मॅगी असते, कोणती मॅडम वर्गात डुलकी घेते. वाटेत रसवंतीवर थांबून दोघं एकेक ग्लास उसाचा रस प्यायचे. मेघाला हे ठाऊक नव्हतं. घरी पोचली की गोपिका टीव्हीची होऊन जायची. म्हणजे म्हाताऱ्याच्या वाट्याला आख्ख्या दिवसातली ती पंधरा मिनिटंच येत होती आणि ती हातची जाऊ नयेत म्हणून त्याची काहीही करायची तयारी होती.

शाळेची अडचण वेगळीच होती. उन्हाळा लागला की नागपुरात माणसांना चेहरे राहत नाहीत. बाई असो की बुवा, जो तो डोक्याला दुपट्टा गुंडाळतो आणि आत फक्त दोन डोळे उरतात. वर्गाच्या बाईंनी रोज पोरं हवाली करायची ती अशा डोळ्यांच्या जोड्यांना! मग मुख्याध्यापिका प्रेमिला मॅडमनी पालकांची सुरक्षा समिती बोलावली. समितीत शालिकरामांचं नाव मेघानंच परस्पर देऊन टाकलं होतं.

"सोपं आहे," शालिकराम उठून म्हणाले. "गेटवर आधी दुपट्टा सोडा, चेहरा दाखवा, कार्ड दाखवा. मंगच लेकरू!"

"अहो, बेचाळीस डिग्रीत?" मधुकरराव बनसोड कळवळून म्हणाले. हे दुसरीतल्या काजलचे आजोबा. सगळा जन्म पोस्टात काढलेला असल्यामुळे त्यांना घाई कशी ती ठाऊक नव्हती. "लेकरू सुखरूप घरी जाईन आणि आजोबा दवाखान्यात भरती होईन, त्याचं काय?"

"भरती व्हा, पण कार्ड दाखवून व्हा."

टाळ्या पडल्या आणि ठराव पास झाला. प्रेमिला मॅडमनी त्यात आपली भर घातली. ऊन लागू नये म्हणून प्रत्येक मुलाला शाळेतर्फे पांढरा स्कार्फ मिळेल आणि बाई स्वतः तो बांधून मुलाला बाहेर सोडतील. 'शाळेची पाती' या शाळेच्या मासिक पत्रकात या योजनेचं कौतुक छापून आलं, सोबत छाती काढून उभ्या शालिकरामांचा फोटो. त्यांनी ते पान लॅमिनेट करून घेतलं. मोठ्यांचे चेहरे उघडे पडले आणि लहानांचे सगळे एकसारखे झाकले गेले. यात काही राहून गेलंय, हे मात्र समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दोघींच्या डोक्यात आलं. पण त्या समितीवर नव्हत्या.

मंगळवारी साडेअकराला शालिकरामांनी गेटवर दुपट्टा सोडला, कार्ड दाखवलं. वॉचमन संघपालला त्यांनीच तयार केलेलं, त्यामुळे त्यानं कार्डावरचा फोटो दोनदा आणि शालिकरामांना तीनदा न्याहाळलं.

"मले ओळखत नाहीस का गा?"

"ओळखतो ना काका. पण तुमीच सांगतलं, ओळखीच्या माणसाले जास्त पाहायचं."

शालिकरामांना धन्य वाटलं. माईकवर "गोपिका मानकर!" असा पुकारा झाला आणि एक पांढरा स्कार्फ धावत येऊन स्कूटरवर मागे बसला. त्यांनी घाईघाईनं दुपट्टा गुंडाळला आणि गाडी काढली.

"आज काय झालं वं शाळेत?"

"काई नाही."

काई नाही? शालिकरामांना चुकल्यासारखं झालं. उन्हानं पोरगी कोमेजली असेल म्हणून त्यांनी गाडी जरा जोरातच रसवंतीला नेली, दोन ग्लास सांगितले आणि म्हणाले, "सोड तो स्कार्फ. हवा लागू दे."

स्कार्फ सुटला. आतून समोरचे दोन दात पडलेला एक अनोळखी चेहरा निघाला. शालिकरामांचा ग्लास ओठाजवळच थांबला.

"तू कोण वं?"

"काजल बनसोड. त्यायले माह्या ग्लासात बरफ कमी टाकायले सांगा ना."

"अन् गोपिका कुठं आहे?"

"माह्या आजोबासंग गेली." काजलनं घोट घेतला. "आमच्या मांजरीले चार पिल्लं झाले. तिले पाहाचे होते. अन् तुमी रस पाजता म्हणून तिनं सांगतलं, तं मले प्याचा होता. मंग स्कार्फ बांधल्यावर आमी नावं बदलले. ती म्हणे, आबाजी फक्त मोठ्यायचेच चेहरे पाह्यते."

शालिकरामांनी ग्लास खाली ठेवला. बत्तीस वर्षांत एक खिळा जाऊ न देणाऱ्या माणसाच्या नाकावर टिच्चून, नियमानं, कार्ड तपासून, माईकवर पुकारून सात वर्षांची नात निघून गेली होती! डोळ्यांसमोर व्हॅन दिसू लागली. पिवळी, खचाखच भरलेली, आणि खिडकीला गोपिकाचं नाक चिकटलेलं.

मधुकररावांचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. तो शोधायला त्यांनी वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, तर तिथे मधुकरराव आधीच हजर होते. पोस्टातल्या भाषेत त्यांनी टाकलं होतं, "श्री. शालिकरामजी मानकर यांनी निम्नस्वाक्षरीकाराशी तातडीने संपर्क साधावा. विषय : खाजगी." खाली पालकांची झुंबड उडाली होती. कोणी हात जोडले होते, कोणी "समितीत वाद नको" असं लिहिलं होतं आणि एकीनं नेहमीच्या सवयीनं वाढदिवसाचा केक टाकला होता.

शालिकराम नंबर दाबणार तोच फोन वाजला. मेघा!

"मामाजी, निघाले का?"

"हाव, निघालो ना. रस्त्यातच आहो."

"अन् गोपिका?"

"आहे ना, मागंच आहे." तिकडून मेघा म्हणत होती, "जरा तिले फोन द्या."

शालिकरामांनी फोन कानापासून दूर धरला. काजलनं मात्र स्ट्रॉ न सोडता आपण होऊन हात पुढे केला. "हाव मम्मी," ती गोड आवाजात म्हणाली. "टोपी घातली. पाणी पिलं. ठेवतो." आणि फोन परत देत तिनं विचारलं, "अजून एक ग्लास भेटते का?"

या वयात एवढं सराईत खोटं! शालिकरामांनी तिला दुसरा ग्लास मुकाट्यानं घेऊन दिला. खोट्याच्या बाबतीत आता ते तिचे देणेकरी झाले होते.

दहा मिनिटांनी एका दूध डेअरीच्या आडोशाला दोन स्कूटर समोरासमोर उभ्या राहिल्या. गोपिकाच्या हातावर मांजरीचे तीन ओरखडे होते आणि चेहऱ्यावर जगाचं सुख. पोरी उतरल्या, वाटेत एकमेकींना टाळी देऊन आपापल्या आजोबांच्या मागे जाऊन बसल्या.

"तुमाले कधी समजलं?" शालिकरामांनी खालच्या आवाजात विचारलं.

"मांजरीजवळ जाऊन स्कार्फ सोडला तवा. अन् तुमाले?"

"रसवंतीवर."

समितीत भांडलेली माणसं आता एकाच बाकावरचे गुन्हेगार झाली होती.

"तसं पाहिलं तं गेटवर काहीच चुकलं नाही," मधुकरराव म्हणाले. "तुमचं कार्ड बरोबर होतं, माहंही बरोबर होतं."

"हाव. लेकरंच तेवढे चुकले. हे आपल्या दोघातच ठेवा, मधुकरराव."

"म्हणजे काय!" मधुकरराव म्हणाले आणि उगाच डेअरीच्या पाटीकडे बघू लागले.

घराकडे जाताना गोपिका पिल्लांबद्दल अखंड बोलत होती. एकाचा एक डोळा अजून उघडला नाही, एक नुसतं झोपतं, एक थेट प्रेमिला मॅडमसारखं बघतं. शालिकराम ऐकत होते. पोरीनं त्यांना मूर्ख बनवलं होतं, पण तिचा राग काही केल्या येत नव्हता. राग येत होता तो स्वतःचा. पाठीमागे बसलेली पोरगी आपली नात नाही, हे त्यांना कळलं नव्हतं आणि वर त्यांनी सुनेशी खोटं बोलून टाकलं होतं.

"आबाजी, आईले सांगसान का?"

शालिकरामांनी गाडीचा वेग वाढवला.

संध्याकाळी मेघा घरी आली. तिनं चपला काढायच्या आत ते समोर जाऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. रस सांगितला, काजल सांगितली, फोनही सांगितला. फक्त अदलाबदलीची कल्पना कोणाची, ते गाळलं. शेवटी म्हणाले, "व्हॅनवाल्याले फोन लाव. माही ना नाही."

मेघा शांतपणे खुर्चीवर बसली. "मले माहीत आहे, मामाजी."

"कसं काय?"

"गोपिका मले आई म्हणते. मम्मी कोण म्हणून राहिली, म्हणून मी ग्रुप पाहिला अन् त्या मधुकररावले फोन लावला. त्यायनं अर्ध्या मिनिटात सगळं सांगून टाकलं."

म्हणजे डेअरीच्या पाटीत काही वाचण्यासारखं नव्हतं. शालिकरामांनी मान खाली घातली. "मंग बोल ना. चूप काहून बसली?"

मेघानं आतल्या खोलीकडे बघितलं. टीव्ही चालू होता, गोपिकाचं लक्ष नव्हतं. ती पुढे सरकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मार्चमध्ये मी काहून ड्युटी बदलली, माहीत आहे तुमाले?"

"नाही."

"त्या दिवशी तुमी घरी नव्हते. गेटवर अशीच गर्दी होती. गुलाबी दुपट्टा दिसला, उचलला, गाडीवर बसवला. पाठीले टेकून झोपलं लेकरू. घरी आणलं, पंख्याखाली बसवलं, ताटात वरणभात वाढला, अन् दुपट्टा सोडला."

"मंग? दुसऱ्याची पोरगी होती का वं?"

"पोरगी असती तं काय पाहिजे होतं, मामाजी." मेघानं पदरानं तोंड झाकलं. "पोरगा निघाला. तिसरीतला. मिशा फुटाच्या बाकी होत्या फक्त."

शालिकरामांचं पोट हलायला लागलं. मेघा तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प करत होती आणि तिला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं.

"तुमी अर्ध्या रस्त्यातच ओळखलं," ती डोळे पुसत म्हणाली. "मी तं त्याले भात भरवणार होती, अन् गोपिका तिकडं गेटवरच उभी. उद्याही तुमीच जा."