अजून जराक वास हाये

रंगनाथमामा कुणाच्याही घरी गेले तरी बेल वाजवत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहतात, डोळे मिटतात, मान थोडी वर करतात आणि एक लांब श्वास ओढतात. मग आत काय शिजतंय ते बाहेरून जाहीर करतात. "मेथी. बेसन पेरलेली. आन् लसूण जराक करपलाय." आतून "या मामा!" असा आवाज आला की चपला काढतात.

आमच्या गल्लीत मागे एक नवीन भाडेकरू आला. दारात डोळे मिटून उभा असलेला म्हातारा बघून त्याला वाटलं, मीटर बघायला आलाय आणि चक्कर आली. त्याने घाबरून विचारलं, "काका, कोण पाहिजे?" मामा डोळे न उघडता म्हणाले, "कोणी न्हाई. शेपू चांगली हाये तुमची. डाळ थोडी कच्ची राह्यली." भाडेकरूने आत जाऊन पाहिलं तर डाळ खरंच कच्ची होती. आठ दिवसांत तोही आपल्या पाहुण्यांना मामांची ओळख करून देऊ लागला.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो. गल्लीच्या एका टोकाला धान्याची ठोक दुकानं आहेत, दुसऱ्या टोकाला कापडाची. मामा चाळीस वर्षं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडत दुकानावर माल बघायला होते. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर धान्य काढायचं, तळहातावर घ्यायचं, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचं, हे त्यांचं काम. माल भिजलाय का, कधी भिजलाय, गाडीत शेजारी खताची पोती होती का, सगळं ते तेवढ्यावर सांगत. एकदा एका शेतकऱ्याला म्हणाले, "तुझ्या हरभऱ्यावर शेळी बसली होती." तो चिडला, शपथा घेऊ लागला. मामा शांतपणे बघत राहिले. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "पाऊस लागला होता मामा, मंग आत घेतली तिला."

"वास खोटं बोलत न्हाई, सर," मामा मला सांगतात. "मानूस बोलतो." मी दुपारच्या शाळेत शास्त्र शिकवतो, म्हणून मी सर. हे वाक्य त्यांनी मला किमान शंभर वेळा ऐकवलं असेल, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं पाहतात की मीच काहीतरी लपवतोय.

ते नाक मोंढ्यात तयार झालं असं आपल्याला वाटतं, पण मामांना ते मान्य नाही. त्यांचं मूळ टेंभुर्णीकडचं. वडील, आजा, सगळे मेंढरांमागे. "हे नाक मेंढरानं शिकवलेलं हाये. मोंढ्यानं नुसता पगार दिला," असं ते म्हणतात.

माझ्या नाकाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बारा महिने चोंदलेलं असतं. चष्मा ठेवण्यापलीकडे त्याचा मला उपयोग नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

झालं असं, की माझ्या बायकोने, सुनीताने, पाच वर्षं मागे लागून घरगुती पिठाची गिरणी घेतली. चौकातल्या गिरणीवर तिचा राग होता. आपल्या आधी कुणी डाळ-मसाला दळून गेलं की आपल्या जवारीला त्याचा वास, असं तिचं म्हणणं. तिची भाकर सगळ्या नातेवाइकांत नावाजलेली आहे आणि त्या भाकरीबद्दल ती कुणाचंही ऐकून घेत नाही. मी मात्र इतकी वर्षं "कशाला हवी, चौकात तर गिरणी आहे" हेच पालुपद लावून होतो. अखेर घेतली, पण घेताना बोलून दाखवलंच, "एकदाच घेतोय. ही परत गेली तर पुन्हा नाव काढायचं नाही." नवरे असं का बोलतात, कोण जाणे. मी बोललो एवढं खरं.

गिरणी आली, लहान फ्रिजएवढी, पांढरी, चकचकीत. सुनीताने हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, जवारी टाकली. पीठ भुरभुर पडलं. भाकर तव्यावर गेली आणि सुनीताचा चेहरा पडला.

"अहो, टायरचा वास येतोय."

मी भाकर खाल्ली. मला कशाचाच वास आला नाही. तसं म्हणालो तर ती म्हणाली, "तुम्ही राहूच द्या."

मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, "नवीन मशीन आहे सर, मोटर तापली की येतो थोडा. चार-सहा दळणं काढा. नाहीच गेला तर दहा दिवसांत परत घेऊ. त्यापुढं मात्र आपल्या हातात नाही." हे मी सुनीताला सांगितलं. ती नुसतं "हं" म्हणाली. तिच्या मनात काय चाललंय ते कळायला नाकाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामा दारात उभे राहिले. डोळे मिटले, श्वास ओढला आणि पहिल्यांदाच भाजीचं नाव आलं नाही.

"रबर," मामा म्हणाले. "वार्निश. आन् पत्र्याला चोपडलेलं तेल. काय आनलं घरात?"

गिरणी दाखवली. मामांनी गुडघे टेकले, झाकण उघडलं आणि मानेपर्यंत आत गेले. बराच वेळ आतून नुसतं सूं-सूं ऐकू येत होतं. मग आतूनच घुमल्यासारखा हुकूम आला, "कापडी पिशवी काढा. ऊन पाण्यानं धुवा. दोन दिवस मका दळा, गाईला घाला. झाकण उघडं ठेवा. मंग जवारी."

मामा बाहेर आले तेव्हा भुवयांवर पीठ होतं. सुनीताने रडवेल्या आवाजात विचारलं, "जाईल ना मामा?"

"जाईल की. नवीन आलंय ते. त्याला अजून घराचा वास लागला न्हाई." मग जमिनीवर बसूनच त्यांनी मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं पोरकं झालं, तर मेंढी पोरक्याला जवळ घेत नाही. लाथ मारते. मग मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या अंगावर बांधतात. मेंढी हुंगते. फसते म्हणा, की समजून घेते म्हणा, पण पाजते. थोड्या दिवसांनी कातडं काढलं तरी चालतं, तोवर ते तिचं झालेलं असतं.

"किती दिवस लागतात?" मी शास्त्राचा मास्तर, मला आकडा हवा.

"ते मेंढी ठरवती," मामा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मका झाला. चौथ्या दिवशी जवारी. मामांचं म्हणणं असं, की पिठाचा वास पिठात कळत नाही, तव्यावर उघडा पडतो. म्हणजे भाकर करायला पाहिजे, आणि ऊन ऊन खाऊन पाहायला पाहिजे. सुनीताने केली. मामांनी तुकडा मोडला, नाकाशी नेला, डोळे मिटले, खाल्ला. आम्ही दोघं निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे समोर उभे.

"अजून जराक वास हाये," मामा म्हणाले. "उद्या पुन्हा दळा."

पाचव्या दिवशीही जराक होता. सहाव्या दिवशी मामा म्हणाले, नुसती भाकर खाल्ली की जिभेला नीट समजत नाही, संगं ठेचा पाहिजे. सातव्या दिवशी ठेच्यानं नाक झोंबतं म्हणून वरण पाहिजे झालं. आठव्या दिवशी येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी. मी म्हणालो, "मामा, तपासणी नाकानं चाललीय का तोंडानं?"

"दोन्ही शेजारीच राहतात, सर," मामा म्हणाले आणि वाटी पुढे केली.

मला गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू. मामा आता दहाला येत ते बारापर्यंत हलत नसत. ओट्याजवळ पाट टाकून बसत. सुनीताने फोडणी टाकली की बोलता बोलता थांबत, मोहरी तडतडायची थांबेपर्यंत गप्प राहत आणि मग पुन्हा बोलू लागत. सुनीताला मात्र काही सुचत नव्हतं. मी विचारलं, "तुला येतो का वास अजून?" ती म्हणाली, "मला आता काहीच कळेना. काल टूथपेस्टलाही गिरणीचा वास आला." माझ्या नाकाला तर विचारण्यात अर्थ नव्हता. उरलं मामांचं नाक. ज्या नाकाने चाळीस वर्षं मोंढ्याचा माल पास-नापास केला, त्याच्यावर आम्ही काय अपील करणार?

नवव्या दिवशी मी स्पष्टच विचारलं, "मामा, आज नक्की सांगा. आहे का नाही?" दहा दिवसांच्या मुदतीचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. घरातलं सगळंच कशाला बाहेर बोला, हा माझा स्वभाव. मामांनी दोन भाकरी संपवल्या, हात पुसले, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "अजून जराक हाये."

ते गेल्यावर मी दुकानात फोन लावला. सुनीता छोटा ब्रश घेऊन बसली आणि गिरणीच्या कानाकोपऱ्यातलं पीठ काढत राहिली. परत पाठवायच्या वस्तूला कुणी एवढं पुसत नाही. मला माझंच ते वाक्य आठवलं आणि लाज वाटली, पण बोललेलं गिळता येत नाही.

दहाव्या दिवशी सकाळी दुकानाचा माणूस टेम्पो घेऊन आला. गिरणीला दोरी बांधून त्याने ती दारापर्यंत सरकवली, तेवढ्यात दहा वाजले. मामा उंबऱ्याबाहेर उभे राहिले. डोळे मिटले. श्वास ओढला. मग डोळे उघडले आणि दोरी पाहिली.

"कुठं घेऊन चाल्ले?"

"परत," मी म्हणालो. "वास जात नाही म्हटल्यावर काय करणार? आज शेवटचा दिवस आहे."

मामांचा चेहरा उतरला. चपला तशाच पायात ठेवून ते आत आले. असं ते कधीच करत नाहीत. गिरणीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "थांबा. वास न्हाई."

"म्हणजे?"

"चवथ्या दिवशीच गेल्ता."

मी चिडलो. "मामा, काल तर तुम्हीच म्हणालात! रोज म्हणताय! वास खोटं बोलत नाही म्हणून शंभर वेळा तुम्हीच—"

"वास खोटं बोलला न्हाई, सर," मामा म्हणाले. "म्या बोललो."

मामा सुनीताकडे बघून बोलत होते, माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"मामी होती तवा म्या मोंढ्यातून आलो की माझ्याच दारात असा उभा राहायचो, माय. डोळे मिटून सांगायचो, आज काय केलं. चुकलो तर ती आतून हसायची. कधी कधी मुद्दाम दोन भाज्यांच्या फोडण्या टाकायची, मला फसवायला. आता तीन वर्षं झाली. डबा येतो खानावळीचा, झाकनाचा डबा, त्याला कसला वास. दारात उभा राहतो सवयीनं, तर घराला वासच न्हाई. काहीच न्हाई. भिंतीचा बी न्हाई. म्हून लोकांच्या दारात हुंगत फिरून राह्यलो. पन तिथं घडीभर बसलं की उठावं लागतं. इथं बसायला भेटलं, फोडनीजवळ. म्हनलं, अजून एक दिवस." त्यांनी गिरणीची दोरी सोडायला घेतली. "तुझं मशीन जाईल हे ध्यानातच आलं न्हाई, माय. माफ कर."

मी इतके दिवस त्यांच्या वाटीची थट्टा करत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुकानाच्या माणसाने घसा खाकरला. "सर, न्यायची का ठेवायची?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती रागावली असती तरी माझी काही तक्रार नव्हती. दहा दिवस ती धड जेवली नव्हती. ती पुढे आली, मामांच्या हातातून दोरी घेतली, झाकण उघडलं आणि मामांसारखीच मानेपर्यंत आत गेली. बराच वेळ आत होती. मला वाटतं, डोळे पुसत असावी.

बाहेर येऊन मामांच्याच बोलीत म्हणाली, "मामा, तुमचं वय झालं आता. नाक पहिल्यासारखं राह्यलं न्हाई. मला तर अजून जराक वास येऊन राह्यलाय."



"पन वस्तू चांगली हाये," ती दुकानाच्या माणसाला म्हणाली. "राहू द्या. तपासणी बाकी हाये आमची."

मामांनी मागे वळून आधी चपला काढल्या, उंबऱ्याबाहेर नीट ठेवल्या, आणि मग हळूच म्हणाले, "मंग उद्या पुन्हा दळावं लागंल."

"रोजच," सुनीता म्हणाली.

याला आता वर्ष होत आलं. सकाळी दहाला मामा दारात उभे राहतात, डोळे मिटतात, भाजीचं नाव सांगतात. सुनीताही हल्ली कधी कधी मुद्दाम दोन फोडण्या टाकते, आणि मामा चुकले की आतून हसते. मग ते स्वयंपाकघरात येतात, गिरणीचं झाकण उघडतात, गंभीर चेहऱ्याने आत डोकावतात आणि निकाल देतात, "अजून जराक वास हाये." सुनीता तवा ठेवते. माझं नाक चष्म्यापुरतंच आहे हे मी आधीच सांगितलं, पण तो वास आताशा मलाही येतो.